सायकल सपाट जमिनीमुळे रुजत नाही
नेदरलँड्सची जमीन सपाट, म्हणून तिथे सायकल आपसूक रुजली, हा समज अर्धवट आहे. जमीन १९६०च्या दशकातही सपाटच होती, तरी मोटारी वाढताच सायकली झपाट्याने घटल्या. (पुण्यातूनही सायकल हटली, ती टेकड्या उंच झाल्या म्हणून नव्हे.) १९७१मध्ये नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली, त्यांत ४००हून अधिक मुले होती, त्यातून उभे राहिलेले आंदोलन आणि १९७३ची तेलटंचाई यांमुळे धोरण बदलले. टिलबर्ग व हेग या डच शहरांत आधी एकेकच देखणा सायकलमार्ग बांधला गेला, पण त्याने शहरातले एकूण सायकलस्वार फारसे वाढले नाहीत. डेल्फ्टने मात्र १९८०च्या दशकात शहरभर जाळे विणले: मुख्य मार्ग साधारण दर ५०० मीटरवर, गल्लीबोळांतले दर १००-१५० मीटरवर, आणि कालवा किंवा रेल्वेरूळ आडवा आला तिथे सायकलींपुरता पूल किंवा बोगदा.