पश्चिम सहारा: सार्वमत अडले ते मतदारयादीवर

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या पश्चिम सहाराबाबत ठराव संमत केला आणि मोरोक्कोच्या सार्वभौमत्वाखालची स्वायत्तता हा पुढच्या वाटाघाटींचा आधार असावा असे सांगितले. बाजूने ११ मते पडली, विरोधात एकही नाही. रशिया, चीन आणि पाकिस्तान तटस्थ राहिले, अल्जीरियाने मतदानात भागच घेतला नाही. याच ठरावाने तिथल्या शांतता मोहिमेला एका वर्षाची मुदतवाढ दिली. ‘सार्वमत’ हा शब्द या मोहिमेच्या नावातच आहे आणि तिची स्थापना १९९१ मध्ये झाली. स्वातंत्र्य की मोरोक्को हे ठरवणारे ते सार्वमत अजून झालेले नाही. हा तंटा वाळवंटातल्या युद्धाचा आहे अशी आपल्याकडे समजूत असते, पण युद्ध १९९१ मध्ये थांबले तरी तंटा सुटला नाही. तो अडला तो मत कोणी द्यायचे या प्रश्नावर, आणि त्या प्रश्नाचे मूळ स्पेनने जाता जाता केलेल्या एका शिरगणतीत आहे.

स्पेनने डिसेंबर १८८४ मध्ये बोजादोर ते ब्लाँ या दोन भूशिरांमधल्या किनाऱ्यावर हक्क जाहीर केला. सीमा फ्रान्सबरोबर १९००, १९०४ आणि १९१२ मध्ये झालेल्या करारांनी आखल्या. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या त्या रेषा आजही तशाच दिसतात. प्रत्यक्षात पहिली पन्नास वर्षे स्पेनची सत्ता किनाऱ्यावरच्या ठाण्यांपलीकडे फारशी नव्हती. आतल्या भागात उंट-शेळ्या घेऊन पावसामागे फिरणाऱ्या टोळ्यांचे राज्य होते, आणि त्या टोळ्यांना या रेषा ठाऊकही नव्हत्या. स्मारा हे आतले एकमेव जुने शहर स्पॅनिश सैन्याच्या हाती आले ते १९३४ मध्ये. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाल्यावर दक्षिणेत बंड पेटले. फेब्रुवारी १९५८ मध्ये फ्रान्स आणि स्पेनने मिळून ते मोडून काढले. हजारो कुटुंबे उत्तरेकडे मोरोक्कोत, पूर्वेकडे अल्जीरियात आणि दक्षिणेकडे मॉरिटानियात पांगली. ही पांगापांग लक्षात ठेवावी, कारण पुढे मतदारयादीच्या भांडणात तीच दोन्ही बाजूंनी वापरली गेली.

त्याच वर्षी स्पेनने वसाहतीला आपला ‘प्रांत’ ठरवले आणि उत्तरेचा तारफायाचा पट्टा मोरोक्कोला देऊन टाकला. या वाळवंटात स्पेनला रस का होता, याचे उत्तर बू क्रा इथे सापडते. तिथे १९४७ मध्ये फॉस्फेटचे साठे आढळले आणि १९७२ पासून उत्पादन सुरू झाले. खाणीतून किनाऱ्यापर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा वाहक पट्टा टाकला गेला, आणि तो जगातला सर्वांत लांब पट्टा म्हणून ओळखला जातो. हाच दगड पुढे फॉस्फोरिक आम्ल आणि डीएपी खत होऊन शेतात पोचतो. बू क्राचा माल भारतातल्या बंदरांवरही उतरलेला आहे, त्यामुळे आपल्या बांधावरच्या खताच्या गोणीचा या तंट्याशी संबंध कधीतरी आलेला असणार.

संयुक्त राष्ट्रांनी १९६३ मध्ये या भूभागाला स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले आणि १९६६ पासून सार्वमत घ्या म्हणून स्पेनला बजावायला सुरुवात केली. स्पेनने ते टाळले. १७ जून १९७० रोजी राजधानी एल आयूनच्या झेमला वस्तीत सहरावींनी, म्हणजे पश्चिम सहाराच्या मूळ रहिवाशांनी, शांततेने मोर्चा काढला, त्यावर गोळीबार झाला. कुराण शिकवणाऱ्या तरुण पुढाऱ्याला पकडून नेले, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. शांततेच्या मार्गावरचा विश्वास तिथे संपला. १० मे १९७३ रोजी स्वातंत्र्यासाठी लढणारी पोलिसारिओ ही सशस्त्र आघाडी स्थापन झाली आणि दहा दिवसांत तिने पहिल्या ठाण्यावर हल्ला केला.

मग १९७४ मध्ये स्पेनने सार्वमत घेण्याची तयारी जाहीर केली आणि त्यासाठी शिरगणती केली. टोळी आणि तिच्या पोटशाखा यांनुसार नावे लिहिली गेली. आकडा आला ७३,४९७ सहरावी, त्याशिवाय सुमारे २०,००० युरोपीय. प्रदेशाबाहेर पांगलेले लोक या यादीत नव्हते. फिरत्या टोळ्यांपैकी त्या काळात सीमेपलीकडे चाऱ्यासाठी गेलेले सगळे मोजले गेले असतील असेही नाही. तरीही प्रत्यक्ष त्या भूमीवर, तंटा पेटण्याच्या आधी, दारोदार जाऊन केलेली ही एकमेव गणती. वसाहतवाल्यांनी केली म्हणून ती कमअस्सल ठरवणाऱ्यांनी दुसरी कोणतीही विश्वासार्ह यादी कधी पुढे ठेवलेली नाही.

मोरोक्कोने सार्वमताऐवजी प्रश्न हेगच्या न्यायालयात न्यायची मागणी केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाला दोन प्रश्न विचारले. स्पेन आला तेव्हा ही भूमी बेवारस होती का? आणि नसेल तर मोरोक्को व मॉरिटानिया यांच्याशी तिचे कायदेशीर नाते कोणते होते? १६ ऑक्टोबर १९७५ रोजी मत आले. भूमी बेवारस नव्हती. काही टोळ्यांची मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठा होती, मॉरिटानियाच्या बाजूशीही काही संबंध होते, पण प्रादेशिक सार्वभौमत्वाचे असे कोणतेही नाते सापडले नाही की ज्यामुळे तिथल्या लोकांचा स्वनिर्णयाचा हक्क बाधित व्हावा. मतातले निष्ठेचे वाक्य उचलून मोरोक्कोच्या राजाने त्याच दिवशी ‘न्यायालयाने आमचे म्हणणे मान्य केले’ असा अर्थ लावला आणि ३,५०,००० नागरिकांचा मोर्चा सीमेपार नेण्याची घोषणा केली. न्यायालयाचे मत वाचले तर हा अर्थ त्यातून निघत नाही.

६ नोव्हेंबरला हातात झेंडे आणि कुराण घेतलेला तो जमाव सीमा ओलांडून आत आला. स्पेनचा हुकूमशहा मरणपंथाला लागला होता, आणि त्याच्या मंत्र्यांना आफ्रिकेत युद्ध नको होते. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये तीन देशांचा करार झाला. त्यात कारभार तात्पुरता वाटून घ्यायचे आणि फेब्रुवारी १९७६ अखेर स्पेनने निघायचे ठरले. फॉस्फेट कंपनीतला ३५ टक्के हिस्सा स्पेनने स्वतःकडे राखला. सहा दिवसांनी हुकूमशहा वारला. सहरावींना कोणी विचारले नाही. स्पेननेच नेमलेल्या टोळीप्रमुखांच्या सभेतल्या बहुसंख्य सदस्यांनी पंधरवड्यात सभा बरखास्त करून आघाडीला पाठिंबा दिला.

या कराराने सार्वभौमत्व हस्तांतरित झाले का, यावर संयुक्त राष्ट्रांच्या विधी सल्लागाराने २००२ मध्ये स्वच्छ उत्तर दिले: नाही. स्पेनला एकतर्फी ते करण्याचा अधिकारच नव्हता. म्हणजे कायद्याच्या नजरेत वसाहत अजून उठलेली नाही, आणि स्पेन मात्र २६ फेब्रुवारी १९७६ पासून आपण जबाबदारीतून मोकळे झालो असे सांगतो.

दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारीला, आघाडीने प्रजासत्ताक जाहीर केले. तोवर हजारो लोक बॉम्बफेकीतून वाट काढत अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या खडकाळ माळावर पोचले होते. त्यांची नातवंडे आज त्याच छावण्यांत आहेत. दक्षिणेचा तुकडा घेतलेला मॉरिटानिया युद्धाने खचला, तिथे १९७८ मध्ये सत्ता उलथली आणि ५ ऑगस्ट १९७९ रोजी त्याने आघाडीशी तह केला. त्याने सोडलेला भाग मोरोक्कोने लगेच घेतला. १९८० ते १९८७ या काळात मोरोक्कोने टप्प्याटप्प्याने वाळूची, सुरुंगांनी वेढलेली सुमारे २,७०० किलोमीटरची भिंत उभी केली. तिच्या पश्चिमेला सुमारे ८० टक्के प्रदेश, बू क्राची खाण आणि जवळपास सगळा मासेमारीचा किनारा आहे.

१९८८ मध्ये दोन्ही बाजूंनी तत्त्वतः मान्य केलेली योजना सोपी होती. १९७४ ची यादी अद्ययावत करायची, म्हणजे मेलेल्यांची नावे काढायची, वयात आलेल्यांची घालायची, आणि स्वातंत्र्य की मोरोक्को यावर मत घ्यायचे. ६ सप्टेंबर १९९१ ला शस्त्रसंधी झाली आणि जानेवारी १९९२ ही सार्वमताची तारीख ठरली.

सप्टेंबर संपण्याआधीच मोरोक्कोने सुमारे १,२०,००० जादा नावे पुढे केली. मूळच्या पूर्ण शिरगणतीपेक्षाही ही संख्या मोठी होती. हे लोक मूळचे सहाराचेच, १९५८ च्या सुमारास परागंदा झालेले, असा दावा होता. त्यांपैकी हजारोंना वाहनांतून आणून एल आयूनच्या आसपास तंबूंत बसवण्यात आले. डिसेंबर १९९१ मध्ये, कार्यकाळाच्या अखेरच्या दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या मावळत्या सरचिटणीसांनी पात्रतेचे निकष वाढवणारा अहवाल दिला. यादीतले लोक, त्या वेळी तिथे असूनही मोजायचे राहिलेले आणि या दोघांचे जवळचे नातलग, इथवर वाद नव्हता. त्यापुढे दोन कलमे जोडली गेली. बाप त्या भूमीत जन्मलेला असेल तर मुलाला मत मिळणार होते, आणि डिसेंबर १९७४ पूर्वी सलग सहा किंवा तुटक बारा वर्षे तिथे राहिलेल्या टोळीसदस्यालाही. पुरावा म्हणून टोळीच्या शेखांची तोंडी साक्ष चालणार होती. मोहिमेचा नागरी प्रमुख त्याच महिन्यात पायउतार झाला.

सार्वमत मारले गेले ते या निर्णयाने, असे माझे मत आहे. परागंदा कुटुंबांचा हक्क खोटा नव्हता, त्यांच्यासाठी काही वाट हवीच होती. पण जन्मदाखले नसलेल्या, चार देशांत विखुरलेल्या समाजात ‘बाप कुठे जन्मला’ आणि ‘बारा वर्षे कुठे तंबू ठोकला’ हे साक्षीवर ठरवायचे म्हटल्यावर प्रत्येक नावाचा खटला होणार हे उघड होते. आणि तसेच झाले. ओळखपटवणी २८ ऑगस्ट १९९४ ला सुरू झाली. प्रत्येक केंद्रात एक शेख मोरोक्कोच्या बाजूचा, एक आघाडीचा, समोर अर्जदार. दोघेही एकाच पोटशाखेचे, कित्येकदा एकमेकांचे भाऊबंद, वीस वर्षांत प्रथमच समोरासमोर आलेले. एक म्हणायचा, हा आमचा. दुसरा म्हणायचा, याला मी पाहिलेलेही नाही.

त्यातही खरी अडचण झाली ती स्पॅनिश कारकुनांनी सोयीसाठी दिलेल्या सांकेतिक क्रमांकांची. ज्या टोळ्यांचे मुख्य वास्तव्य प्रदेशाबाहेर आणि मूठभर घरे आत, त्यांना शिरगणतीत ‘उत्तरेच्या’ आणि ‘किनाऱ्याच्या व दक्षिणेच्या’ अशा गटांत टाकले होते. एच-४१, एच-६१ आणि जे-५१/५२ हे ते गट. कागदावर हे गट होते म्हणून मोरोक्कोने त्यांच्या नावाने हजारो अर्ज भरले. या टोळ्या सीमेपलीकडच्या आहेत म्हणून आघाडीचे शेख त्यांच्या सुनावणीला बसेनात. मे १९९६ मध्ये काम थांबले. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथे तडजोड झाली, काम पुन्हा सुरू झाले आणि डिसेंबर १९९९ च्या अखेरीस संपले. एकूण सुमारे १,९८,००० जणांची तपासणी झाली, त्यातले सुमारे ८६,००० पात्र ठरले.

म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर यादी पुन्हा १९७४ च्या गणतीच्या जवळपासच आली. नाकारलेल्यांच्या वतीने १,३०,००० हून अधिक अपिले दाखल झाली, बहुतेक मोरोक्कोच्या बाजूने. त्यांची सुनावणी कधीच झाली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये सरचिटणीसांनीच योजना पार पडण्याबद्दल शंका व्यक्त केली आणि तयार झालेली यादी कपाटात गेली. २००३ मध्ये नवा मसुदा आला. पाच वर्षे स्वायत्तता, मग सार्वमत, आणि मतदारांत १९९९ च्या अखेरपासून तिथे राहणारे सगळे, म्हणजे मोरोक्कोतून येऊन वसलेले लोकही धरून. आघाडीने तो स्वीकारला. मोरोक्कोने नाकारला, कारण मतपत्रिकेवर स्वातंत्र्याचा पर्याय होता. आपलीच माणसे बहुसंख्य असलेल्या यादीवरही विश्वास ठेवता येत नसेल, तर यादीच्या शुद्धतेचा आधीचा सगळा आग्रह कशासाठी होता हा प्रश्न पडतोच.

एप्रिल २००७ मध्ये मोरोक्कोने स्वायत्ततेचा प्रस्ताव दिला. तिथून पुढची वाटचाल राजधान्यांमध्ये झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये एल आयूनबाहेर गदेम इझिक इथली हजारो तंबूंची निषेध छावणी उखडून टाकली गेली. १९८४ मध्ये आफ्रिकी संघटनेतून बाहेर पडलेला मोरोक्को जानेवारी २०१७ मध्ये परत आला. १३ नोव्हेंबर २०२० ला मॉरिटानियाच्या सीमेजवळच्या गेरगेरात नाक्यावर मोरोक्कोने केलेल्या कारवाईनंतर आघाडीने शस्त्रसंधी संपल्याचे जाहीर केले. १० डिसेंबरला अमेरिकेने मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले. मार्च २०२२ मध्ये स्पेनने, जुलै २०२४ मध्ये फ्रान्सने स्वायत्ततेच्या बाजूने कौल दिला. भारताने १ ऑक्टोबर १९८५ ला सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, ती जून २००० मध्ये काढून घेतली. मोरोक्को हा आपला फॉस्फेटचा मोठा पुरवठादार आहे हे या संदर्भात विसरून चालणार नाही.

या काळात उलट दिशेने गेले ते युरोपीय संघाचे न्यायालय. ४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात त्याने मोरोक्कोबरोबरचे मासेमारी व शेतमालाचे करार सहाराबाबत टिकू शकत नाहीत असे ठरवले. सल्लामसलत तिथे सध्या राहणाऱ्यांशी झाली, पण संमती हवी होती ती पश्चिम सहाराच्या जनतेची, आणि त्या जनतेचा मोठा भाग प्रदेशाबाहेर आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मोरोक्कोच्या २००७ च्या प्रस्तावातही स्वायत्ततेचा कायदा ‘संबंधित लोकसंख्येच्या’ मुक्त सार्वमताला टाकला जाईल असे कलम आहे. त्या लोकसंख्येत एल आयूनला १९७६ नंतर येऊन वसलेले धरायचे का, तिंदूफच्या छावण्यांत जन्मलेले धरायचे का, याची व्याख्या प्रस्तावात नाही, आणि २०२५ च्या ठरावातही नाही. स्वायत्ततेवर मत घ्यायचे ठरले तरी आधी यादी करावी लागेल, आणि १९७४ च्या गणतीत अठरा वर्षांचा असलेला माणूस आता सत्तरीच्या घरात आहे.