डाग नको, दहा मिनिटांची चाल द्या

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर एका वयस्क घोड्याच्या पुढच्या पायांवर आडव्या पांढुरक्या रेघा दिसल्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. विचारल्यावर मालक म्हणाले, "पाय सुजायचा, म्हणून डाग दिलेत." फिजिओथेरपीचं नाव काढलं तर हसले. "ती रेसच्या घोड्यांना, साहेब. आमच्याला कुठली?"

पण पाय तर तोच आहे. आणि तो पाय कसा चालतो हे समजलं की डागणी, म्हणजे तापलेल्या लोखंडाने चटके देणं, का निरुपयोगी, हेही आपोआप कळतं.

घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. त्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरखंडासारख्या कंडरा, एवढंच. खूर म्हणजे मधल्या एकाच बोटाचं नख. घोडा भरधाव सुटतो तेव्हा एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, आणि तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो. घोडा 450 किलोचा असेल तर 1100 किलोंहून जास्त!

हा भार पेलायला या गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागची कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि लगेच आखडते. ताणताना साठवलेली ऊर्जा पुढच्या टापेला परत मिळते, म्हणून घोडा इतक्या कमी श्रमात इतका धावतो. भरधाव वेगात हा ताण मूळ लांबीच्या 16 टक्क्यांपर्यंत मोजला गेला आहे. फाटण्याची मर्यादा तिथून फार लांब नाही. निसर्गाने इथे सुरक्षेसाठी फारशी जागाच सोडलेली नाही.

आता खरी गंमत. कंडरेतले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू विश्रांतीत सरळ नसतात, बारीक लाटांसारखे दुमडलेले असतात. भार आला की आधी लाटा सरळ होतात, मग तंतू ताणले जातात. वय आणि धावणं वाढतं तशा गाभ्यातल्या लाटा कडेच्या तंतूंच्या आधी सपाट होतात. म्हणजे ताण पहिल्यांदा गाभ्यावर. त्यात भर उष्णतेची. स्प्रिंग साठवलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, थोडा हिस्सा उष्णता होऊन आतच राहतो. कडेची उष्णता निघून जाते, गाभ्याची अडकते. दौडीत गाभ्याचं तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलं आहे, घोड्याचं अंग मात्र 38 अंशांच्या आसपास असतं. कंडरा बहुतेक वेळा मधोमध का फाटते, याचं उत्तर इथे आहे. बाहेरून नुसती सूज, सोनोग्राफीत मात्र मध्यभागी काळं भोक.

ते भोक शरीर बुजवतं, पण घाईघाईत. मूळ कोलॅजन पहिल्या प्रकारचं, समांतर रचलेलं. भरावाचं कोलॅजन बरंचसं तिसऱ्या प्रकारचं, बारीक आणि कसंही विखुरलेलं. त्याला दिशा कोण देतं? भार. पेशींना ओढ जाणवते तसे त्या तंतू ओढीच्या रेषेत लावतात. ओढ अजिबात नसेल तर गुंता तसाच राहतो, फार असेल तर नवा भराव पुन्हा फाटतो. घोड्याच्या फिजिओथेरपीचं सारं कौशल्य या दोन टोकांमधला भार मोजून देण्यात आहे.

म्हणून पहिले दिवस विश्रांती, थंड पाण्याची धार आणि पट्टी. मग मोतद्दाराने हाताने धरून सपाट जमिनीवर रोज थोडी मिनिटं चालवायचं, हळूहळू वेळ वाढवायची, अधूनमधून सोनोग्राफी करायची. पुन्हा भरधाव सोडायला नऊ महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. पाण्यातली ट्रेडमिलही असते. पाणी कोपरापर्यंत असेल तर पायांवरचं वजन 10 ते 15 टक्के घटतं, कमरेच्या हाडाच्या टोकापर्यंत भरलं तर सुमारे 75 टक्के. पण भार हेच औषध असल्यामुळे खोल पाणी नेहमीच चांगलं असं नाही.

आणि डागणी? ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची तपासणी करून 1983 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: कंडरा बरी व्हायला तिची काहीही मदत होत नाही. मग लोकांना गुण आलेला का दिसतो? भाजलेल्या घोड्याला महिनोन्‌महिने बसवून ठेवावं लागतं. विश्रांतीचं श्रेय तापलेल्या लोखंडाला मिळतं. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर दिला जाणारा डंबा, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा चटका, याच समजुतीचा भाऊ आहे, आणि दोन्ही थांबायलाच हवेत. त्याचबरोबर घोड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या चुंबकी पट्ट्यांनाही भुलू नये, त्यांचे पुरावे फार तोकडे आहेत.

मी त्या मालकांना एवढंच सांगितलं: पुन्हा सूज आली तर त्याच दिवशी स्वारी बंद करा, दिवसातून दोन-तीनदा वीसेक मिनिटं गार पाणी सोडा आणि पशुवैद्यांकडून सोनोग्राफी करून घ्या. चालवायला कधी लागायचं आणि किती, ते सोनोग्राफी बघून ठरेल. त्यांनी विचारलं, "चालवण्याचे पैसे किती?" काहीच नाहीत.