पेशीतला नोटीसवाला

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात आणि ‘सी-वन’ हा शब्द जिन्याजिन्यात ऐकू येतो. सी-वन म्हणजे रिकामी करा, पाडा. सी-टू म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. बिऱ्हाडाचं नशीब त्या एका आकड्यावर.

आपल्या पेशींतही अशा नोटिसा चिकटतात. तिथला कागद म्हणजे युबिक्विटिन, अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन. जुनाट, बिघडलेल्या किंवा काम संपलेल्या प्रथिनावर त्याची साखळी लागली की प्रोटिएसोम नावाचं यंत्र ते प्रथिन तोडून टाकतं. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल आरॉन सिएखानोव्हर, अव्राम हर्श्को आणि आयर्विन रोज यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चिकटवण्याचं काम तीन विकरांत (एन्झाइमांत) वाटलेलं आहे. ई-१ एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून युबिक्विटिनला कामाला लावतं. ई-२ ते हातात घेतं. ई-३ नेमकं घर, म्हणजे नोटीस लावायचं प्रथिन, ओळखतं. माणसात ई-१ दोनच, ई-२ चाळीसेक, आणि ई-३ सहाशेच्या वर. सहाशे घरं ओळखणाऱ्यांचं कौतुक झालं, ते रास्तच. पण मधल्या ई-२ ला पुस्तकांनी बरीच वर्षं शिपायाचाच दर्जा दिला, आणि माझी तक्रार तिथे आहे.

प्रयोगशाळेत ई-२ येतं ते कोरड्या बर्फात, करंगळीच्या पेराएवढ्या नळीत. लेबलवर ‘रिकॉम्बिनंट, मानवी’ असं लिहिलेलं असतं, पण त्यासाठी कुणाचं रक्त काढलेलं नसतं. जनुक माणसाचं, राबणारा ई. कोलाय जिवाणू. हा मजूर निवडण्यात शहाणपण आहे. ई. कोलायकडे युबिक्विटिनची यंत्रणाच नाही, त्यामुळे त्यातून काढलेल्या मालात दुसरं ई-२ किंवा ई-३ चुकून मिसळायची भीती नाही. प्रथिनाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं शेपूट जोडायचं, निकेलचे कण भरलेल्या नळीतून गाळायचं, की ते शेपूट निकेलला धरून राहतं आणि बाकीचा गाळ वाहून जातो. हाती आलेलं द्रावण पुन्हापुन्हा वितळवलं-गोठवलं तर विकर मरगळतं. म्हणून मासळीबाजारात लावतात तसे त्याचे छोटे वाटे करून ते उणे ८० अंशांवर ठेवायचे.

ई-२ च्या अंगात सिस्टीन नावाचं एक खास अमिनो आम्ल असतं. त्यातल्या गंधकावर युबिक्विटिन येऊन बसतं. हा बंध मुद्दामच कच्चा, कारण पुढे सोडायचं असतं. किती कच्चा, ते मी विद्यार्थिनी असताना मुंबईतल्याच एका प्रयोगशाळेत शिकले. ई-१, ई-२, युबिक्विटिन आणि एटीपी ३७ अंशांवर एकत्र ठेवलं. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ई-२ ची सतरा किलोडाल्टनची (हे प्रथिनांच्या वजनाचं माप) पट्टी युबिक्विटिनच्या भाराने वर सरकून पंचविसाच्या आसपास दिसायला हवी होती. सरकेना. दोन दिवस तेच. विकर मेलेलं आलंय अशी माझी खात्री पटली, तक्रारीची ईमेलही लिहून झाली. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी जेलकडे पाहिलं आणि विचारलं, “काय गं, बफरमध्ये डीटीटी घातलंस ना?” घातलं होतं, सवयीने. डीटीटी नेमका तोच गंधकाचा बंध तोडतं. तिसऱ्या दिवशी डीटीटी वगळलं आणि पट्टी मुकाट्याने वर गेली.

आता त्या शिपायाच्या दर्जाबद्दल. युबिक्विटिनवर लायसीन नावाची सात अमिनो आम्लं असतात आणि त्यांतल्या कुठल्याही लायसीनवर पुढचं युबिक्विटिन जोडता येतं. ४८ व्या लायसीनवरून साखळी वाढली तर बहुधा सी-वन, रवानगी प्रोटिएसोमकडे. ६३ व्यावरून वाढली तर पाडकाम नाही. डीएनएच्या दुरुस्तीसाठी किंवा संदेश पोहोचवण्यासाठी माणसं बोलावली जातात. ई-३ चा जो सर्वांत मोठा ‘रिंग’ गट आहे, त्यात कुठल्या लायसीनवर जोडायचं हे बव्हंशी ई-२ ठरवतं. यूबीई२के हे ई-२ ४८ वालं. यूबीई२एन आपल्या जोडीदार प्रथिनासोबत ६३ वालं. म्हणजे घर ई-३ ने दाखवलं तरी आकडा लिहिणारा हात याचाच.

‘हेक्ट’ गटातली ई-३ मात्र युबिक्विटिन आधी ई-२ कडून स्वतःच्या हातात घेतात, मग चिकटवतात. तिथे साखळीचा प्रकार तीच ठरवतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेला एचपीव्ही विषाणू असंच एक ई-३ पळवतो. विषाणूच्या ई-६ प्रथिनाने पकडलं म्हणून त्या ई-३ चं नावच ई-६-एपी पडलं. (हा ई-६ वरच्या मालिकेतला नव्हे, नाव ठेवणाऱ्यांना नावं ठेवावीत तेवढी थोडी.) दोघं मिळून पी-५३ या कर्करोगाला आवर घालणाऱ्या प्रथिनावर सी-वन लावतात. हा सगळा कट नळीत रचता येतो. ई-१, ई-६, ई-६-एपी, पी-५३, युबिक्विटिन, एटीपी सगळं घाला आणि फक्त ई-२ चा वाटा फ्रीझरमध्येच राहू द्या. तासाभराने जेल लावलं तर पी-५३ ची पट्टी होती तिथेच असते.