नुसतं बोल्ड केलं की हेडिंग होत नाही

एखाद्या पतसंस्थेची वेबसाइट बघा, ठेवीचा दर होमपेजवर एक, योजनांच्या पानावर दुसरा आणि पीडीएफमध्ये तिसराच. दर बदलला की ऑफिसातलं कुणीतरी एकेक पान हाताने बदलत बसतं, एखादं राहतंच, आणि मग ठेवीदार काउंटरवर येऊन भांडतो.

मुळात मजकूर वर्डमधून उचलून चिकटवलेला असतो. जाड, मोठी, लाल अक्षरं बघून आपल्याला कळतं की हे हेडिंग आहे, पण कॉम्प्युटरला फक्त जाड अक्षरं दिसतात. स्ट्रक्चर्ड मार्कअपमध्ये, म्हणजे मजकुरात खुणा (टॅग) घालून, प्रत्येक तुकडा काय आहे ते सांगायचं, म्हणजे हे शीर्षक, हा दर, ही तारीख, आणि तो दिसेल कसा ते स्टाइलशीटवर, म्हणजे रंग-आकार ठरवणाऱ्या वेगळ्या फाइलवर, सोडायचं. मग दर एकाच जागी ठेवता येतो, बाकीची पानं तिथूनच घेतात.

ही आयडिया वेबच्या आधीची आहे बरं का! १९६९ मध्ये आयबीएमचे चार्ल्स गोल्डफार्ब आणि दोन सहकारी वकिलांच्या ऑफिससाठी सिस्टिम बनवत होते, तिथे एडिटिंगचा, शोधायचा आणि छपाईचा प्रोग्राम एकमेकांच्या फाइली वाचेनात, त्यातून जीएमएल ही मार्कअपची भाषा निघाली. १९८६ मध्ये त्याचं एसजीएमएल हे आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं, वेबपानं ज्यात लिहितात ते एचटीएमएल आणि माहितीची देवाणघेवाण करायला वापरतात ते १९९८ चं एक्सएमएल त्याच घराण्यातलं.

आता तारीखच घ्या. नोकरीच्या जाहिरातीत शेवटची तारीख ०५/०६ लिहिली, तर ५ जून की ६ मे? मार्कअपमध्ये वर्ष-महिना-दिवस असा ठरलेला क्रम असतो, त्यामुळे मुदत संपली की जाहिरात आपोआप खाली उतरवता येते. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही टॅगच्या नावांची यादी काढली ती असल्या माहितीला सगळ्यांनी एकच नावं वापरावीत म्हणून. असा मार्कअप पानात टाकला की सर्चमध्ये पहिला नंबर येतो असं कुणी विकायला आलं तर ऐकू नका, रिझल्टमध्ये तारीख-पत्ता नीट दिसायची शक्यता वाढते एवढंच.

अंध माणूस स्क्रीन रीडरवर (पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) एच हे बटण दाबून हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतो, नुसत्या बोल्डवर तो थांबतच नाही, म्हणजे तुमचं अख्खं पान त्याला सलग ऐकत बसावं लागतं.

खर्च आहेच, जुनी पानं साफ करणं वैतागाचं काम, आणि पाच पानांच्या साइटला एवढा खटाटोप नकोच. पण शेकडो पानं असतील तर पुढच्या रीडिझाइनला एजन्सी फक्त स्टाइलशीट आणि टेम्प्लेट (पानाचा साचा) बदलेल, नाहीतर तोच मजकूर परत कॉपी-पेस्ट करायचे पैसे लावेल.