सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून हक्क गेला?

“सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याची जमीन” हे चावडीपासून व्हॉट्सॲपपर्यंत छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. एकात धारकांची नावं, बोजे (म्हणजे जमिनीवरची कर्जं वगैरे), दुसऱ्यात पिकं. ही महसुली नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ ती खरी धरतं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते खरेदीखत, वारसा, वाटणीतून, फेरफारातून, म्हणजे महसुली दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीतून नव्हे. म्हणून वडिलांमागे भावांनी वारसनोंदीत बहिणीला परस्पर वगळलं, तरी केवळ त्या नोंदीने तिचा वाटा बुडत नाही. फटका मात्र खराच: पीककर्ज मागायला गेलं की सोसायटी आधी उताराच मागते. आणि सहीसाठी पुढे सरकवलेला कागद हक्कसोडपत्र असेल, तर तो नीट वाचावा. एकदा नोंदणी झाली की तो फिरवणं महाजिकिरीचं.