गुलाबाची सुगंधी टपाल तिकिटे (भारत, २००७)

भारतीय टपाल खात्याने ७ फेब्रुवारी २००७ रोजी प्रसिद्ध केलेला चार तिकिटांचा संच. भीम, दिल्ली प्रिन्सेस, जवाहर आणि नीलम या गुलाबांची चित्रे त्यावर असून तिकिटावर हलकेच बोट घासले की गुलाबाचा वास येतो. किमती ५ आणि १५ रुपये. देशांतर्गत साधे पत्र तेव्हा ५ रुपयांतच जात असे. व्हॅलेंटाइन आठवड्यातला ‘रोझ डे’ही ७ फेब्रुवारीलाच असतो.

भारताचे हे पहिले सुगंधी तिकीट मात्र नव्हे. तो मान १३ डिसेंबर २००६ च्या १५ रुपयांच्या चंदनी तिकिटाचा.

संचाचे खरे वैशिष्ट्य वासापेक्षा वाणांच्या निवडीत आहे. चारही गुलाब भारतात तयार झालेले आहेत आणि या कामाचे मोठे केंद्र म्हणजे दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, म्हणजेच ‘पुसा’. दिल्ली प्रिन्सेस हा गुलाबी, झुपक्यांनी फुलणारा वाण डॉ. बी. पी. पाल यांचा. पाल मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या गव्हावर त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, पुढे ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, पण गुलाबाचा नाद शेवटपर्यंत सुटला नाही. नीलम नावाने निळा असला तरी रंगाने फिकट जांभळा आहे. निळेपणा देणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात मुळातच नसते, त्यामुळे पारंपरिक संकराने याच्या पुढे जाता येत नाही.

अशा तिकिटांसाठी सामान्यतः सुगंधी तेल अतिसूक्ष्म कोषांत बंद करून ते वॉर्निशमध्ये मिसळतात आणि छापील कागदावर त्याचा थर देतात. घासल्यावर कोष फुटतात आणि वास सुटतो. फुटलेला कोष पुन्हा भरत नाही. संग्राहकाची पंचाईत इथेच होते: वास घ्यावा तर तिकीट झिजते, जपावे तर ते सुगंधी आहे हे नुसते ऐकूनच मानायचे. पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून सोडवण्याची नेहमीची रीतही इथे घातक ठरू शकते. त्यामुळे बहुतेक जण कोरा संच चिमट्याने उचलून थेट अल्बममध्ये ठेवतात.

ही कल्पना शेजारच्या भूतानने १९७३ मध्येच राबवली होती. त्या सहा तिकिटांवर आइसबर्ग, ब्लू मून असे युरोपीय बागांतले गुलाब होते, भूतानच्या डोंगरातले एकही फूल नव्हते. ती परदेशी संग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेली होती. त्या मानाने भारतीय संच अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

यानंतर २६ एप्रिल २००८ रोजी जॅस्मिनची दोन तिकिटे आली आणि २०१७ मध्ये १०० रुपयांचे कॉफीच्या वासाचे तिकीट.