वेल्समधील लोकर-विणकाम सहली

वेल्समधील लोकर-विणकाम सहली : ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम भागातील वेल्स या देशात मेंढ्यांचे कळप, कापडगिरण्या, विणकरांच्या कार्यशाळा आणि वस्त्रसंग्रह जाणत्या मार्गदर्शकाबरोबर गटाने पाहण्याचा पर्यटनप्रकार. सहभागी होणारे बहुतेक जण स्वतः सुयांवर वा मागावर विणणारे किंवा सूत कातणारे असतात. त्यामुळे निसर्गदर्शनापेक्षा यंत्रांची ओळख, लोकर हाताळणे व प्रत्यक्ष काम करून पाहणे यांवर भर असतो. सहलींचा मार्ग आज चालू असलेल्या गिरण्या जोडत जातो. या गिरण्या कोठे टिकल्या व का टिकल्या, हे समजल्याशिवाय मार्गाचा अर्थ लागत नाही. म्हणून पुढे उद्योगाचा इतिहास काहीसा विस्ताराने दिला आहे.

लोकर व मेंढ्या : वेल्समध्ये मेंढ्यांची संख्या माणसांच्या तिपटीच्या आसपास असते. डोंगराळ, पावसाळी प्रदेशात तग धरणारी वेल्श माउंटन ही प्रमुख जात. तिच्या लोकरीत रंग न धरणारे, ठिसूळ जाड केस मिसळलेले असतात. घोंगडी अंगावर घेतलेल्या वाचकाला हा खरखरीत पोत अनोळखी वाटणार नाही. हा दोष मानला गेला, तरी टिकाऊ व पाणी लवकर आत न घेणारे कापड याच लोकरीतून तयार झाले. ब्लॅक वेल्श माउंटनची काळी-तपकिरी लोकर न रंगवता वापरली जाते. बॅजर फेस, लानवेनोग, केरी हिल, लीन या जातीही सहलींत दाखवतात. टॉवी खोऱ्यातील बालवेन जातीचा 1947 च्या कडक हिवाळ्यात एकच नर उरला होता, असे सांगितले जाते; आजचे कळप त्यानंतरच्या जोपासनेतून वाढले आहेत. मेंढ्यांची कातरणी मुख्यतः जून-जुलैत होते.

पूर्वी कातरणीच्या हंगामात गरीब स्त्रिया पश्चिम किनाऱ्याकडून डोंगरांत पायी जात आणि कुंपणांना, झुडपांना अडकलेली लोकर गोळा करीत. शेतकरी त्यांना आसरा देत आणि थोडी लोकरही देत. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू असल्याचे उल्लेख आढळतात. मात्र या स्त्रियांनी स्वतः मागे ठेवलेले लेखन जवळजवळ नाही.

इतिहास : मध्ययुगात लोकरीचा मोठा व्यापार सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठांच्या हाती होता. टिंटर्न (स्थापना 1131), मार्गम (1147) व स्ट्राटा फ्लोरिडा (1164) यांच्याकडे विस्तीर्ण कुरणे होती. फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती या व्यापाऱ्याने चौदाव्या शतकात केलेल्या यादीत टिंटर्नची लोकर बऱ्याच वरच्या भावाची दिसते. टिंटर्न इंग्लंडच्या सीमेवर आहे, त्यामुळे या भावावरून सबंध वेल्सच्या लोकरीचा दर्जा ठरवणे योग्य नाही. विणलेले कापड ओले करून कुटण्याच्या पाणचक्क्या याच काळात पसरल्या. कुटल्याने धाग्यांतील फटी बुजतात, कापड आटते आणि दाट होते. कापडातील तेलकटपणा काढण्यासाठी घरोघर साठवलेले मूत्र वापरीत. एखाद्या गावाच्या नावात ‘पांडी’ हा शब्द असला, तर तेथे अशी चक्की होती असे बहुधा समजावे.

सोळाव्या शतकापासून उत्तर व मध्य वेल्सच्या शेतघरांत विणलेले जाडे कापड सीमेपलीकडील इंग्लंडमधल्या ऑझवेस्ट्रीच्या बाजारात येई. तेथून ते जवळच्या श्रूझबरीच्या कापड व्यापाऱ्यांमार्फत लंडनला जाई. श्रूझबरीच्या व्यापारी संघाची मक्तेदारी 1624 च्या कायद्याने औपचारिकरीत्या संपली. प्रत्यक्षात त्याचे वजन त्यानंतरही बराच काळ राहिले. अठराव्या शतकात खरेदीदार थेट वायव्य वेल्समधील मेरियोनेथ परगण्याच्या डोल्गेल्लाय भागात जाऊ लागले आणि बारमथ बंदरातून माल रवाना होऊ लागला.

हे कापड कोणाच्या अंगावर गेले, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उशिरा विचारला गेलेला प्रश्न आहे. ‘वेल्श प्लेन्स’ या नावाचे स्वस्त, जाडेभरडे कापड कॅरिबियन बेटांवरील व उत्तर अमेरिकेतील मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या कपड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर विकत घेतले जात असे. वसाहतींतील वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांबद्दलच्या जाहिरातींमध्ये त्यांच्या अंगावरील कापड याच नावाने ओळखवलेले आढळते. जुन्या संशोधनाने या व्यापाराची दखल निर्यातीची एक बाजारपेठ एवढीच घेतली. अलीकडच्या संशोधकांच्या मते मेरियोनेथमधील अनेक घरांची रोजची भाकरी या मागणीवर अवलंबून होती. उपलब्ध व्यापारी पत्रव्यवहार पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. या कापडाचे नमुने फारच थोडे उरले आहेत, कारण ते अंगावरच झिजून संपले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी 1833 च्या कायद्याने, 1834 पासून रद्द झाली. तोपर्यंत यंत्रावर विणलेल्या परक्या मालाने ही बाजारपेठ बरीचशी काबीज केली होती. मागांवरचे सुंदर पट्टे दाखवणाऱ्या कोणत्याही सहलीने हा अध्याय वगळू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॅनेल या मऊ लोकरी कापडाचे केंद्र सेव्हर्न खोऱ्यातील न्यूटाउन, लानिडलॉइस व वेल्शपूल येथे होते. न्यूटाउनमध्ये 1832 मध्ये फ्लॅनेलच्या खरेदी-विक्रीसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. घरांच्या वरच्या मजल्यांवर रांगेने खिडक्या असलेल्या हातमागशाळा होत्या. त्यांपैकी एकात आज वस्त्रसंग्रहालय आहे. मजुरीची घसरण व बेकारी यांतून कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीला येथे पाठिंबा मिळाला आणि 1839 च्या वसंतात लानिडलॉइस शहर काही दिवस आंदोलकांच्या ताब्यात होते. लँकाशरच्या रॉचडेलमधील गिरण्यांनी स्वस्त फ्लॅनेल बाजारात आणल्यावर हे केंद्र खचले. न्यूटाउनचे प्राइस प्राइस-जोन्स यांनी रेल्वे व टपाल यांच्या आधारे घरपोच विक्रीचा मोठा व्यवसाय उभारला. त्यांच्या रॉयल वेल्श वेअरहाउसची विटांची भव्य इमारत (1879) अजून स्थानकाजवळ उभी आहे.

त्यानंतर उद्योग दक्षिण-पश्चिमेकडील टेइवी खोऱ्यात बहरला. लहान पण बारमाही ओढे, दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींची जवळीक आणि रेल्वे ही त्याची मुख्य कारणे. घाम शोषणारे फ्लॅनेलचे सदरे खाणकामगार व लोहकामगार वापरीत. बार्गोड ओढ्याकाठच्या ड्रेवाख वेलिंड्रे या गावात इतक्या गिरण्या झाल्या की त्याला, यॉर्कशरमधील लोकरकापडाच्या शहरावरून, वेल्सचे हडर्सफील्ड म्हणत. पहिल्या महायुद्धातील सरकारी मागणीने भरभराट शिगेला पोहोचली. युद्धानंतर लष्कराचा शिल्लक माल स्वस्तात बाजारात आला, खाणींत मंदी आली आणि 1920 नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या.

दुहेरी कापड : सहलींत सर्वाधिक विचारले जाते ते चौकटी-चौकटींच्या जाड पलंगपोसांबद्दल. बाजारात ते वेल्श टॅपेस्ट्री म्हणून विकले जातात. तांत्रिकदृष्ट्या ही दुहेरी साधी वीण आहे. ताण्याचे दोन व बाण्याचे दोन संच एकाच वेळी मागावर चालतात आणि एकावर एक असे दोन थर विणले जातात. नक्षीच्या कडेला थरांची अदलाबदल होते : वरचा खाली जातो, खालचा वर येतो. म्हणून दोन्ही बाजूंना तीच नक्षी उलट रंगांत दिसते आणि थरांमधल्या पोकळीत हवा अडकून ऊब राहते. नक्षीच्या प्रत्येक स्वतंत्र घटकासाठी चार चौकटी (ज्यांतून ताण्याचे धागे ओवून वर-खाली उचलतात) लागतात. दोन घटकांच्या नक्षीसाठी आठ. अनेक गिरण्यांत यॉर्कशरमध्ये बनलेले डॉबक्रॉस माग या कामी वापरले गेले व काही ठिकाणी अजून चालतात. त्यांचा खडखडाट इतका असतो की मार्गदर्शक माहिती सांगतो ती मागशाळेच्या बाहेर.

या विणीचा उगम वादाचा आहे. ती वेल्सची प्राचीन देणगी असल्याचे विक्रीच्या पत्रकांतून सांगितले जाते, पण त्यास आधार नाही. सर्वांत जुना भक्कम पुरावा म्हणजे डेन्बीशरमधील हॉल्ट येथील विल्यम जोन्स या विणकराची 1775 सालची नमुनावही. त्यात दुहेरी विणीच्या आकृत्या आहेत. या वहीवरून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंत्र पूर्णपणे अवगत होते एवढे निश्चित होते. ते स्थानिक होते की बाहेरून आलेले, याचा उलगडा वहीतून होत नाही. हॉल्ट डी नदीच्या काठी, इंग्लंडच्या अगदी सीमेवर आहे. त्याच काळात किडरमिन्स्टर व स्कॉटलंड येथे याच तत्त्वावर दुथरी गालिचे विणले जात होते. तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या विणकरांबरोबर तंत्र आले व वेल्समध्ये त्याला स्वतःचे रंग आणि रचना मिळाल्या, हे स्पष्टीकरण अधिक संभवनीय दिसते. वेल्सचा वाटा त्यामुळे कमी होत नाही. पलंगपोसाचा हा प्रकार दोन शतके जिवंत ठेवण्याचे श्रेय तेथील गिरण्यांचेच आहे.

कार्नार्व्हन पलंगपोस हा जॅकार्ड यंत्रणेवर (छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी ठरवणाऱ्या मागावर) विणलेला चित्रमय प्रकार. त्याच्या एका नमुन्यात कार्नार्व्हनचा किल्ला व दुसऱ्यात ॲबरिस्टविथच्या महाविद्यालयाची इमारत दिसते. वेल्सचा भूतकाळ व भविष्यकाळ यांचा निर्देश करणारे वेल्श शब्दही त्यांत विणलेले असतात. काही जण त्याची सुरुवात 1911 च्या युवराज-समारंभाशी (ब्रिटिश युवराजाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून अधिकारवस्त्रे देण्याच्या सोहळ्याशी) जोडतात, पण जुने हातमागाचे नमुने त्याआधीचे असावेत. 1969 च्या समारंभाच्या सुमारास ते पुन्हा विणले गेले. आजच्या ओळखीतील भडक गुलाबी, नारिंगी, जांभळे रंग मात्र मुख्यतः 1960 च्या दशकातील आहेत. त्या काळी मोटारीने येणारे पर्यटक गिरण्यांच्या दुकानांतून कोट, पिशव्या, चटया घेऊ लागले आणि बऱ्याच गिरण्या त्या विक्रीवर तगल्या.

वेशभूषा : उंच काळी टोपी, लाल शाल व पट्ट्यांचा फ्लॅनेलचा घागरा हा राष्ट्रीय वेश लेडी लॅनोव्हर (ऑगस्टा हॉल) यांनी निर्माण केला, असे सर्रास लिहिले जाते. 1834 च्या कार्डिफ येथील आयस्टेडफॉडमधील (वेल्श साहित्य-संगीत स्पर्धामेळ्यातील) त्यांच्या बक्षीसपात्र निबंधात वेल्श भाषा व देशी लोकरीचा वेश जपण्याचा आग्रह होता, आणि आपल्या जमिनीवर त्यांनी गिरणीही चालवली. ग्रामीण स्त्रियांचा तसा पेहराव आधीपासून होता. लेडी लॅनोव्हर यांनी त्याला एकसारखे रूप व प्रतिष्ठा दिली, असे म्हणणे अधिक योग्य. 1797 मध्ये फिशगार्डजवळ उतरलेल्या फ्रेंच सैनिकांनी लाल शालींतील स्त्रियांना ब्रिटिश सैनिक समजून शरणागती पत्करली, ही कथा लोकप्रिय आहे. समकालीन कागदपत्रांत तिला पुरेसे बळ मिळत नाही.

सुयांवरील विणकाम व गोधड्या : उत्तर वेल्समधील बाला परिसरातील हाताने विणलेले मोजे अठराव्या शतकात प्रसिद्ध होते. हिवाळ्यात शेजारी एका घरी जमून, एकाच शेकोटीभोवती गोष्टी ऐकत विणत. गोधडीकामात लोकरी कापडाचे तुकडे व लोकरीचे भरण वापरीत. रेक्सहॅमचे शिंपी जेम्स विल्यम्स यांनी 1842 ते 1852 या काळात 4,525 तुकडे जोडून केलेली गोधडी सेंट फॅगन्स येथील संग्रहालयाकडे आहे.

सहलींचा मार्ग : सुरुवात बहुधा कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स येथून होते. या खुल्या संग्रहालयात लानुर्टिडजवळची एस्गेर मोएल गिरणी दगड न दगड उतरवून पुन्हा उभारलेली आहे. लोकर पिंजण्यापासून कुटलेले कापड ताणून वाळवण्यापर्यंतचे टप्पे एकाच छपराच्या परिसरात समजतात. पश्चिमेस ड्रेवाख वेलिंड्रे येथील राष्ट्रीय लोकर संग्रहालय केंब्रियन मिल्समध्ये 1976 मध्ये सुरू झाले. तेथे जुनी यंत्रे चालवून दाखवतात आणि रंगवनस्पतींची बाग आहे. नैसर्गिक रंगाईच्या सत्रात मंजिष्ठेच्या वर्गातील मॅडर, नीळ देणारे वोड व खडकांवरील दगडफुले यांचा परिचय होतो. दगडफूल वर्षाला अगदी थोडे वाढते, म्हणून जबाबदार मार्गदर्शक ते खरवडून घेऊ देत नाहीत.

पेंब्रुकशरमध्ये सॉल्वा व ट्रेग्विंट या गिरण्या चालू आहेत. ट्रेग्विंट 1912 पासून एका कुटुंबाकडे होती व 2022 मध्ये कामगारांच्या मालकीची झाली. उत्तरेकडे कॉन्वी खोऱ्यातील ट्रेव्रू गिरणी 1859 पासून एकाच घराण्याकडे असून ती आपली वीज ओढ्याच्या पाण्यावर निर्माण करीत आली आहे. वसंतातील सहली बहुधा बिल्थ वेल्सजवळच्या वंडरवूल वेल्स या एप्रिलमधील लोकरमेळ्याशी जोडतात. मेंढपाळ, हाताने कातणारे व रंगारी तेथे स्वतःचा माल विकतात. त्या वेळी कोकरे पाहायला मिळतात, कातरणी मिळत नाही. ज्यांना कातरणी पाहायची आहे त्यांनी उन्हाळ्यात जावे. एस्गेर मोएलसारख्या जुन्या इमारतींतील जिने अरुंद असल्याने मोठा गट एकदम आत जाऊ शकत नाही.

सद्यःस्थिती : गिरण्यांची संख्या दहाच्या आसपास उरली आहे. त्यांच्या मागांवरचे बरेचसे सूत आज वेल्सबाहेर कातलेले असते आणि डोंगरी मेंढ्यांची लोकर मुख्यतः गालिचे व उष्णतारोधक थर यांकडे जाते. कच्च्या लोकरीला मिळणारा भाव अनेक वर्षे कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही. विशिष्ट कळपाचे नाव लावून सूत विकणारे छोटे उत्पादक त्यावर मार्ग शोधत आहेत आणि सहलींतील खरेदीचा काही भाग थेट त्यांच्यापर्यंत पोहोचतो.